पो, हॉथॉर्न आणि तीन-तीन गोष्टींचे जुने भयपट : आधी काय वाचावं, कोणती प्रत बघावी

रानभूल :
एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक कथांवरून केलेल्या अँथॉलॉजी भयपटांबद्दल (म्हणजे एकाच चित्रपटात सुट्या-सुट्या गोष्टी) इथे तुटक-तुटक प्रतिसाद बरेच पडलेत, एका जागी काहीच नाही. म्हणून हा धागा. शेवट सगळे फुटणार आहेत, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने बघायचंय त्यांनी आधी बघून या.

मे १८४२ च्या 'ग्रॅहॅम्स मॅगझिन'मध्ये एडगर अ‍ॅलन पोने नथॅनिएल हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या संग्रहाचं परीक्षण लिहिलं. गोष्ट एका बैठकीत, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून व्हावी आणि पहिल्या वाक्यापासून सगळं एकाच परिणामासाठी राबावं, हा त्याचा आग्रह तिथलाच. पुढे १९६२ ला रॉजर कॉर्मनने पोच्या कथांवर 'टेल्स ऑफ टेरर' काढला आणि १९६३ ला सिडनी साल्कोने हॉथॉर्नवर 'ट्वाइस-टोल्ड टेल्स'. दोन्हींत तीन-तीन गोष्टी, आणि सहाही गोष्टींत एकच नट, व्हिन्सेंट प्राइस.

आता अडचण बघा. पोची गोष्ट एका घावाची असते. 'मोरेला' मोठ्याने वाचली तर पंधरा-वीस मिनिटांत संपते, आणि तीत संवाद नावापुरते. पडद्यावर ती उभी करायची तर पटकथाकाराला पदरची भर घालावीच लागते. या चित्रपटांचं भलं-बुरं त्या भरीवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. 'टेल्स ऑफ टेरर'ची पटकथा रिचर्ड मॅथेसनची, आणि फसलेली भर नि जमलेली भर दोन्ही त्या एकाच चित्रपटात शेजारी-शेजारी आहेत.

फसलेली 'मोरेला'. कथेत बाई बाळंतपणात जाते, मुलगी जगते. बाप तिला वर्षानुवर्षं नावच देत नाही, कारण ती दिवसेंदिवस आईसारखी होत चाललीय आणि त्याला ते बघवत नाही. शेवटी बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू नाव विचारतो आणि याच्या तोंडून 'मोरेला' निघून जातं. मुलगी कोसळता-कोसळता म्हणते, 'मी इथेच आहे!' तो तिला थडग्यात ठेवायला नेतो, तर तिथे पहिल्या मोरेलाचा मागमूस नाही. सगळी भीती त्या एका नावात कोंडलेली आहे. चित्रपटात मुलीला पहिल्यापासून लेनोरा हे नाव आहे. ती मोठी होऊन घरी परतते, आईचं वाळलेलं प्रेत पलंगावर जपून ठेवलेलं असतं, आणि आई सूड म्हणून मुलीच्या देहात शिरते. नाव गेलं, बाप्तिस्मा गेला, हातात राहिला साधा सूड.

जमलेली 'द ब्लॅक कॅट'. मॅथेसनने तीत 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' मिसळली. १८४३ च्या 'ब्लॅक कॅट'मध्ये दारुडा नवरा आहे, बायको आहे, भिंतीत चिणणं आहे, पण समोर टक्कर द्यायला कोणी नाही. १८४६ च्या 'कास्क'मध्ये समोरचा आहे, दारूचं आमिष आहे, भिंत आहे, पण खून का करायचा ते पो नीट सांगतच नाही. 'हजार आघात' आणि वर एक अपमान, एवढ्यावर भागवतो. म्हणजे एका कथेत जे कमी तेच दुसरीत तयार, आणि तळघर, दारू नि विटा दोन्हीकडे आधीपासूनच. म्हणून मिश्रण उपरं वाटत नाही. तिन्हींत सगळ्यात लांब भाग हाच, तरी तो सगळ्यात चटकन संपतो.

मांजरपाट :
भरीचा मुद्दा पटला. 'ब्लॅक कॅट'मधल्या वाइन चाखण्याच्या चढाओढीबद्दल थोडं. पीटर लॉरे हा माँट्रेसर, फुकटात प्यायला मिळेल म्हणून व्यापाऱ्यांच्या सभेत घुसतो. प्राइस हा फॉर्च्युनाटो, नावाजलेला चाखणारा. प्राइस नाकाजवळ प्याला नेतो, गालांत घोट घोळवतो, ओठांचा चंबू करून हवा ओढतो, मग साल सांगतो. लॉरे सरळ पेला घशात ओततो आणि तोही अचूक सांगतो. प्राइसने वाइन चाखणाऱ्यांच्या खऱ्याच लकबी घेतल्यात, फक्त प्रत्येक एक पायरी वर चढवलीय. लॉरेने तिथे काही केलं असतं तर दोघं नकला करताहेत असं दिसलं असतं. एकाने वाढवायचं आणि दुसऱ्याने काहीच करायचं नाही, यावर सगळा प्रसंग तोललेला आहे.

म्हणूनच हा चित्रपट रुंद चौकटीतच बघा, २.३५ ला १. जुन्या टीव्हीसाठी कापलेल्या चौकोनी प्रतीत एक तर प्राइस दिसतो किंवा लॉरे. ज्याची प्रतिक्रिया बघायची तोच चौकटीबाहेर, मग विनोद कसा लागणार?

पुढे लॉरेला स्वप्न पडतं, त्यात बायको आणि तिचा प्रियकर त्याचं मुंडकं काढून चेंडूसारखं फेकाफेकी करतात. तिथे चित्र ताणल्यासारखं दिसतं. ते मुद्दाम केलेलं आहे. रिमोट घेऊन चौकट दुरुस्त करायला जाऊ नका.

नाडीपरीक्षा :
'टेल्स ऑफ टेरर'मधली तिसरी गोष्ट, 'वाल्डेमार', राहिली. 'द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. वाल्डेमार' १८४५ ची. पोने ती वैद्यकीय टिपणासारखी लिहिली : डॉक्टरांची फक्त आद्याक्षरं, सोबत टिपणं घ्यायला वैद्यकाचा विद्यार्थी, वेळांच्या नोंदी, फुप्फुसांचं वर्णन. मरणाच्या दारातल्या माणसाला संमोहित करतात, तो मरतो, आणि काळ्या पडलेल्या जिभेतून आवाज येत राहतो. सात महिने. मग संमोहन काढतात आणि मिनिटभरात देह गळून जातो. लोकांना ती खरी घटना वाटली. १८४६ ला लंडनमध्ये ती खरा अहवाल असल्यासारखी पुस्तिका म्हणून छापली गेली. तो काळच तसा होता. त्याच १८४५ साली आपल्याकडे बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन रुग्णांना संमोहित करून शस्त्रक्रिया करत होता. वाचकांना हे अशक्य कोटीतलं वाटत नव्हतं.

चित्रपटात इथेही भर आहे. बॅसिल रॅथबोनचा कारमायकेल हा संमोहनकार वाल्डेमारच्या बायकोवर डोळा ठेवतो आणि देहात अडकलेल्या जीवाला सोडायला नकार देतो. कथेत खलनायकच नाही. सगळे सज्जन, जिज्ञासू, आणि तरी शेवटी समोर जे उरतं ते भयंकर. मला कथा जास्त झोंबते. पण पडद्यावर वाल्डेमार उठून अंगावर येतो त्याला काहीतरी निमित्त हवं, ते रॅथबोन पुरवतो.

वितळण्याच्या दृश्याबद्दल प्राइसने सांगितलेलं असं : खाली चेहऱ्यावर वाळून कातडी ओढणारा मातीचा लेप, वरून सरस, ग्लिसरीन, कॉर्नस्टार्च आणि मेकअपचा रंग यांचं गरम मिश्रण डोक्यावरून ओतायचं. यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं. सरसामुळे तारा सुटतात, स्टार्चने दाटपणा येतो, ग्लिसरीनने ओली चकाकी टिकते. मिश्रण निवलं की सरस धरतो आणि ओघळ जागच्या जागी थांबतो. वाहतं राहावं इतकं गरम ठेवलं तर नटाला ते काही सेकंदांपलीकडे सोसत नाही. म्हणूनच ते दृश्य इतकं त्रोटक आहे.

अमावास्या :
याच दोन कथा १९९० ला पुन्हा जोडीने आल्या, 'टू इव्हिल आइज'. 'वाल्डेमार' जॉर्ज रोमेरोचा, 'ब्लॅक कॅट' दारिओ अर्जेंटोचा, मेकअप टॉम साव्हिनीचा. गोष्टी आजच्या काळात आणल्यात. रोमेरोने वाल्डेमारच्या बायकोला आणि तिच्या प्रियकराला संपत्तीच्या मागे लावलंय, म्हणजे भर पुन्हा त्याच ठिकाणी. आणि कॉर्मनच्याही आधी, १९६० ला, अर्जेंटिनात एन्रिके कारेरासने नार्सिसो इबान्येझ मेंताला घेऊन 'ओब्रास माएस्त्रास देल तेरोर' केला : 'वाल्डेमार', 'कास्क' आणि 'टेल-टेल हार्ट'. अमेरिकेत दाखवताना त्यातली एक गोष्ट गाळली. या प्रकारच्या चित्रपटांच्या नशिबी हे नेहमीचंच. तीन तुकडे सुटे असले की वितरकाचा हात आधी कात्रीकडे जातो.

पडद्यामागे :
कात्रीचा विषय निघालाच आहे तर मारिओ बाव्हाचा १९६३ चा 'ब्लॅक सॅबथ' घ्यायलाच हवा. मूळ इटालियन नाव 'इ त्रे व्होल्ती देल्ला पाउरा', भीतीचे तीन चेहरे. याच्या दोन प्रती फिरतात आणि त्या जवळजवळ दोन वेगळे चित्रपट आहेत.

इटालियन प्रतीचा क्रम : 'टेलिफोन', 'वुर्डालाक' (म्हणजे रक्तपिपासू भूत), 'पाण्याचा थेंब'. अमेरिकी प्रतीत 'पाण्याचा थेंब' पहिला, मग 'टेलिफोन', शेवटी 'वुर्डालाक'. इटालियनमध्ये 'टेलिफोन' ही भुताखेताची गोष्टच नाही; धमकीचे फोन, तुरुंगातून सुटलेला माणूस आणि दोन बायकांमधलं जुनं प्रेम. अमेरिकी वितरकांना ते नाते नको होते, म्हणून संवाद बदलून फोन करणारा मेलेला माणूस ठरवला. त्यामुळे त्या प्रतीत मधली वीस-पंचवीस मिनिटं कोण काय करतंय ते कळेनासं होतं. संगीतही बदललं : रोबेर्तो निकोलोसीच्या जागी लेस बॅक्स्टर.

ओळखायचं कसं? पहिली पूर्ण गोष्ट बघा. फोन वाजत असेल तर इटालियन, नर्सला वादळी रात्री प्रेताला कपडे चढवायला बोलावलं असेल तर अमेरिकी. वेष्टनावरच्या नावावर जाऊ नका, दोन्ही प्रती 'ब्लॅक सॅबथ' म्हणूनच मिळतात.

घाटपायरी :
पण इटालियन प्रतीत बोरिस कार्लॉफचा आवाज दुसऱ्याचाच आहे. 'वुर्डालाक'मध्ये तो घरी परततो आणि नातवाला मांडीवर घ्यायला मागतो, तिथे त्याचाच घोगरा आवाज हवा. तेवढ्यासाठी मी अमेरिकी प्रत सुचवेन. शिवाय कार्लॉफ शेवटी येणं मला जास्त बरोबर वाटतं, कारण कथानक म्हणून तीच सगळ्यात भक्कम आहे.

पडद्यामागे :
आवाजाचं खरं आहे. म्हणून दोन्ही प्रती एकत्र असलेला संच मिळाला तर तोच घ्यावा : चित्रपट इटालियन बघायचा आणि 'वुर्डालाक' तेवढी नंतर इंग्रजीत पुन्हा. क्रमाबाबत मात्र मी इटालियनच्याच बाजूने. 'पाण्याचा थेंब' शेवटी हवा. नर्स मेलेल्या बाईच्या बोटातली अंगठी काढते, माशी घोंघावते, घरी आल्यावर नळाचा थेंब टपटपतो, आणि मग अंधारातून ते प्रेत चालत नव्हे, सरकत येतं. तो मेणाचा चेहरा बाव्हाचे वडील एउजेनियो यांनी घडवलेला. पापणी नाही, श्वास नाही, म्हणूनच तो सहन होत नाही. खिडकीतून हिरवा-जांभळा उजेड लुकलुकतो, त्याचा उगम चित्रपटात कुठेच दाखवलेला नाही. यानंतर दुसरी कुठलीही गोष्ट फिकी पडते.

इटालियन प्रतीच्या अगदी शेवटी कार्लॉफ घोड्यावरून निरोप घेतो आणि कॅमेरा मागे येतो : घोडा लाकडी, आणि फांद्या धरून लोक त्याच्याभोवती गोल पळताहेत, म्हणजे झाडं मागे जाताहेत असं वाटावं. अमेरिकी प्रतीत हे नाही. तीन गोष्टींच्या ताणानंतर बाव्हाने दिलेली ही सूट फार मोलाची आहे, ती गमावू नका.

तिसरी_घंटा :
श्रेयनामावलीत चेखोव्ह, टॉलस्टॉय, मोपासाँ अशी नावं आहेत. खरंच त्यांच्या कथा आहेत का?

रानभूल :
टॉलस्टॉयची आहे, पण 'युद्ध आणि शांती'वाला नव्हे. त्याचा नातलग अलेक्सेई कॉन्स्टान्टिनोविच टॉलस्टॉय, त्याने १८३९ च्या सुमारास फ्रेंचमध्ये 'वुर्डालाकचं कुटुंब' लिहिली, आणि ती छापली गेली १८८४ ला, त्याच्या मृत्यूनंतर. बाकी दोन नावं भारदस्त दिसावीत म्हणून लावलेली. 'पाण्याचा थेंब' चेखोव्हमध्ये शोधत बसू नका, तिथे नाही.

वुर्डालाकची कथा अवश्य वाचा. म्हातारा गोर्चा दरोडेखोराच्या मागावर जाताना घरच्यांना बजावतो : दहा दिवस उलटून गेल्यावर आलो तर घरात घेऊ नका, छातीत खुंटा ठोका. आणि तो नेमका मुदत संपत असतानाच दारात उभा राहतो. मुदत संपली की नाही, यावर पोरांत वाद. बापाला कोण हात लावणार? चित्रपटाने दिवस कमी करून पाच केले, पण घड्याळाचा तो काटा अचूक उचलला. वुर्डालाक ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचंच रक्त पितो, हाही नियम तसाच ठेवला. पुरलेलं पोर रात्री दाराबाहेर येऊन 'आई, थंडी वाजते' म्हणतं आणि आई नवऱ्याला न जुमानता दाराकडे धावते, ते दृश्य या नियमामुळेच काळीज चिरतं. कथेतला पाहुणा निसटतो. बाव्हाने त्याला निसटू दिलं नाही. ही भर नव्हे, ही दुरुस्ती, आणि योग्य दुरुस्ती.

नाडीपरीक्षा :
हॉथॉर्नकडे कोणी वळलंच नाही. 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' दोन तासांचा आहे आणि ते जाणवतं. त्या नावाच्या संग्रहातली गोष्ट तीनांपैकी एकच : 'डॉ. हायडेगर्स एक्स्पेरिमेंट', १८३७. 'रॅपाचिनीज डॉटर' १८४४ ची, दुसऱ्या संग्रहातली. तिसरी तर १८५१ ची अख्खी कादंबरी, 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स', एका भागात कोंबलेली. पहिल्या दोन कथा ताणल्यात आणि कादंबरी ठेचलीय, म्हणून तिसरा भाग सगळ्यात कच्चा. प्राइसने याच कादंबरीवरच्या १९४० च्या चित्रपटातही काम केलं होतं.

'हायडेगर'चं तर फारच नुकसान. कथेत चार म्हातारे तारुण्याचं पाणी पितात, तरुण होतात आणि लगेच त्याच जुन्या बाईवरून भांडून पाण्याचं भांडं फोडतात. कोणी मरत नाही. डॉक्टरचा पंचावन्न वर्षं जपलेला गुलाब फुलतो आणि पुन्हा वाळतो, आणि डॉक्टर म्हणतो, मला तो वाळलेलाही तितकाच प्रिय आहे. चित्रपटात चाराचे दोन मित्र झाले आणि मेलेली प्रेयसी शवपेटीतून उठवली, त्यामागून विषप्रयोगाचं जुनं पाप.

'रॅपाचिनी' मात्र आपल्या वाचकांनी खास वाचावी. पाडुआमधला वैद्य आपल्या मुलीला विषारी झाडांच्या सहवासात वाढवतो, इतकी की तिच्या श्वासाने किडे मरतात. त्यात प्राध्यापक बाल्योनी नायकाला एक जुनी कथा सांगतो : हिंदुस्थानच्या एका राजाने सिकंदराला भेट म्हणून अशी सुंदरी पाठवली, जी जन्मापासून विषावर पोसलेली होती. म्हणजे आपली विषकन्याच. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त पर्वतकाचा जीव जिने घेतला, तिचीच जातकुळी. फरक एवढा की आपल्याकडे ती हत्यार आहे, तिच्या मनात काय चाललंय ते कोणी विचारत नाही. हॉथॉर्न नेमकं तेच विचारतो. शेवटी ती मुलगी, बिआट्रिस, उतारा पिते आणि उताऱ्यानेच मरते, कारण विष काढलं तर तिच्यात जगण्यासारखं काही उरत नाही. चित्रपटातला बगीचा आणि जांभळ्या फुलांचं झाड बघण्यासारखं आहे, तीनांतला हाच भाग ठेवण्याजोगा.

घाटपायरी :
विषय हिंदुस्थानात आलाच आहे तर सत्यजित राय यांचा १९६१ चा 'तीन कन्या' या यादीत बसतो का? टागोरांच्या तीन कथा, त्यातली 'मणिहारा' १८९८ ची. दागिन्यांच्या लोभात गेलेली बायको, नदीकाठचं ओस घर, आणि रात्री पायऱ्यांवरून चढत येणारा अलंकारांचा आवाज.

अमावास्या :
बसतो, आणि मानाने बसतो. बाकी दोन गोष्टी भयाच्या नाहीत, म्हणून लोक विसरतात. यात कात्रीचा इतिहासही आहे : परदेशी वितरणाच्या वेळी 'मणिहारा'ची सबटायटल्स वेळेत तयार नव्हती, म्हणून ती वगळून चित्रपट 'टू डॉटर्स' नावाने गेला. जुनी परदेशी प्रत घेतली तर नेमकी आपल्याला हवी ती गोष्टच नसेल. दोन गोष्टींवर चित्रपट संपला की समजा.

चौकटीतला बदल बघा. टागोरांच्या कथेत घाटावर मास्तर गोष्ट सांगतो आणि ऐकणारा शेवटी म्हणतो की गोष्टीतला नवरा फणिभूषण मीच, पण माझ्या बायकोचं नाव मणिमालिका नव्हे, नृत्यकाली होतं. म्हणजे मास्तरच्या गोष्टीत खरं किती, हे सगळंच सैल होऊन जातं. राय यांनी ऐकणाऱ्याला अंगभर पांघरूण देऊन बसवलं आणि शेवटी तो फणिभूषण म्हणून अदृश्य होतो. कथेत शंका उरते, चित्रपटात भूत. मला शंका जास्त आवडते, पण पडद्यावर 'नृत्यकाली' या एका शब्दावर शेवट करणं फार अवघड होतं हेही मान्य.

मांजरपाट :
चौकटीवरून रिचर्ड ओस्वाल्डचा १९१९ चा मूकपट 'उनहाइमलिशे गेशिश्टेन' आठवा. रात्री जुन्या पुस्तकांच्या दुकानात तीन चित्रं जिवंत होतात : मृत्यू, सैतान आणि वेश्या. तेच तिघं पाच गोष्टी वाचतात आणि कोनराड फाइट, राइनहोल्ड शुन्झेल, अनिता बेर्बर हेच तिघं पाचही गोष्टींत काम करतात. पोची 'ब्लॅक कॅट' आणि स्टीव्हन्सनची आत्महत्या-मंडळाची गोष्ट यात आहे. एकच नट सगळीकडे घ्यायची कल्पना प्राइसच्या कितीतरी आधीची.

तिसरी_घंटा :
फेलिनीचा भाग कोणी घेणार का? पोच्याच तीन कथांवरचा, तीन दिग्दर्शकांचा, १९६८ चा 'स्पिरिट्स ऑफ द डेड'.

पडद्यामागे :
रॉजर वादिमचा 'मेत्सेंगरस्टाइन' कपड्यांपलीकडे जात नाही. लुई मालचा 'विल्यम विल्सन' ठीक, अलाँ देलाँ स्वतःच्याच प्रतिरूपाशी झुंजतो. फेलिनीचा 'टोबी डॅमिट' मात्र या धाग्यातल्या सगळ्यांत वरचा. पोची कथा १८४१ ची, थट्टेची आहे : टोबी 'सैतानाला डोकं पैजेवर देतो' असं उठसूट म्हणतो, आच्छादित पुलावरच्या अडसरावरून उडी मारतो आणि वरच्या लोखंडी पट्टीने मुंडकं जातं. फेलिनीने तेवढंच घेतलं : पूल, पैज, मुंडकं. पुलावरच्या अडसराच्या जागी तुटलेला पूल आणि ताणलेली तार, पायांच्या जागी फेरारी. पोचा सैतान लंगडा म्हातारा. इथे पांढरा चेंडू घेतलेली मुलगी. बाकी सगळी भर, रोममधला पुरस्कार सोहळा, टेरेन्स स्टॅम्पचा खचलेला नट, निनो रोटाचं संगीत. आणि तरी परिणाम पोचाच. रानभूल, तुमच्या मुद्द्याला हे उदाहरण जोडा : भर किती घातली याने बिघडत नाही, ती मूळ घावाच्या दिशेने जाते का ते बघायचं.

रानभूल :
जोडलं. कुणाला फिल्म क्लबमध्ये दाखवायचे असतील तर माझी मांडणी सांगतो. एका संध्याकाळी एकच अँथॉलॉजी, दोन लावल्या की गोष्टी एकमेकींत मिसळतात. 'टेल्स ऑफ टेरर' सुमारे दीड तासाचा, त्याआधी 'कास्क' मोठ्याने वाचून घ्या, पंधरा-वीस मिनिटं लागतात. 'ब्लॅक कॅट' आधी वाचू नका, भिंतीतला आवाज फुकट जाईल. पो आणि हॉथॉर्न दोघंही प्रताधिकारमुक्त आहेत, मजकूर नेटवर मोफत मिळतो. प्रोजेक्टरवर 'झूम' बंद ठेवा, वर-खाली काळ्या पट्ट्या येऊ द्या. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर धुकं आणि मेणबत्त्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपल्यासारख्या दिसतात. बाव्हासाठी खोली पूर्ण अंधारी हवी, हिरवा उजेड थोड्याशा प्रकाशातही मरतो.

आणि 'मोरेला'च्या शेवटची आग बघताना पडणाऱ्या तुळयांकडे लक्ष द्या. कॉर्मनने १९६० च्या 'हाउस ऑफ अशर'साठी पाडायला काढलेलं एक जुनं कोठार पेटवून चित्रित केलं होतं, आणि तीच दृश्यं पुढच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा वापरली. दोन्ही लागोपाठ बघितले की त्याच तुळया त्याच कोनात कोसळताना स्पष्ट ओळखू येतात.